नवीन टायर, जुनी वजनं

वाचकाचा प्रश्न थोडक्यात : बडोद्यात मांजलपूरला राहतो. नोकरी आणंदला, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा एक्सप्रेसवेनं जाणं-येणं असतं. गाडी साधी हॅचबॅक, लोखंडी रिमची. दिवाळीआधी चारही टायर नवीन टाकले. दुकान बाबांच्या जुन्या ओळखीचं. तिथे अलाइनमेंट करून दिलं. बॅलन्सिंगचा, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक समतोल करण्याचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "नवीन टायरला कसलं बॅलन्सिंग? आणि रिमला जुनी वजनं आहेतच की." दुकानदारानंही होकार भरला. पुढच्याच फेरीला एक्सप्रेसवेवर ८५-९०च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. शहरात काहीच जाणवत नाही. मग मी एकटाच दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मशीननं पुढच्या डाव्या चाकाला ७० ग्रॅम दाखवले. वजनाचे पैसे ग्रॅमवर. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "७० ग्रॅम? एक तर टायर खराब आहे, नाहीतर तो तुला फसवतोय. काही लावू नकोस." मी तसाच परत आलो. बाबांनी फियाटपासून ४० वर्षं गाडी चालवलीय, त्यांचा शब्द मोडवत नाही. बायको म्हणते, ही थरथर घेऊन एक्सप्रेसवेवर जायचंच नाही. नवीन टायरला खरंच वजनं लागतात का? लागत असतील तर ७० ग्रॅम बरोबर की चूक? टायर परत करू का?

उत्तर :

बाकीचं वाचायच्या आधी एक काम करा. डिकीतला पाना काढून चारही चाकांचे नट तपासा. टायर बदलताना सगळी चाकं निघाली, मग दुसऱ्या दुकानात पुढचं चाक पुन्हा निघालं. सैल राहिलेल्या नटाची थरथर हाताला बॅलन्सिंगच्या थरथरीसारखीच लागू शकते, पण ती जिवावरची आहे. नट आवळताना एकाशेजारचा एक असं गोल न जाता समोरासमोरचे घ्यायचे, आणि शेवटचा आवळ गाडी जमिनीवर टेकलेली असताना द्यायचा. तिथेच उकिडवं बसून टायरच्या बाजूच्या भिंतीवर कुठे फुगवटा दिसतो का तेही बघा. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर हवी. एखाद्या जागी रेघ आत दबलेली असेल तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही, आणि मग कितीही वजनं लावली तरी थरथर जाणार नाही.

हे सगळं ठीक असेल असं धरून तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुमच्या घरातला वाद टायर नवा की जुना यावर चाललाय. मला वाटतं तिढा तिथेच आहे. वजनं लावायची ती टायर जुना झाला म्हणून नव्हे. रिम, टायर आणि हवा भरायचा वॉल्व्ह मिळून जे एक चाक तयार होतं, त्याचा जडपणा मध्याभोवती सगळीकडे सारखा नसतो, म्हणून लावायची. नवीन टायर टाकला की रिम तोच राहिला तरी चाक नवीन झालं. त्याला वजन लागेल का, किती लागेल, कुठे लागेल, हे मशीनवर फिरवल्याशिवाय तुम्ही, मी, बाबा किंवा दुकानदार कोणीच सांगू शकत नाही. क्वचित एखादं चाक काहीही न लावता शून्यावर येतं. बहुतेकांना दोन्ही कडांना मिळून थोडेफार ग्रॅम लागतातच. म्हणून माझं उत्तर असं : नवीन टायर बसवल्यावर बॅलन्सिंग तपासायचंच, आणि वजन मशीन मागेल तेवढंच लावायचं.

"कंपनीतून टायर बॅलन्स होऊनच येतो" हे बाबांसारखंच पुष्कळांना वाटतं, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. आपल्या बडोद्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. वाघोडिया तालुक्यात लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, हालोलला सिएटचा. तुमच्या ओळखीत तिथे काम केलेलं कोणीतरी निघेल, त्यांना विचारा. टायर एकसंध ओतलेला नसतो. रबराचे आणि कापडाचे थर, तारेचे पट्टे, वरची नक्षीची पट्टी हे सगळं एकावर एक गुंडाळलं जातं. प्रत्येक थराला कुठेतरी सांधा असतो, आणि सांध्यावर किंचित जास्त माल येतो. मग ते साच्यात शिजतं. हॅचबॅकचा टायर साधारण सात-आठ किलोचा. त्यात इकडे-तिकडे काही ग्रॅम राहतातच. कारखान्यात तपासणी होते ती हा फरक ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही याची. फरक शून्य करून कोणी देत नाही.

नवीन टायरवर बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला एक पिवळा ठिपका असतो. तो टायरच्या सगळ्यात हलक्या जागेची खूण. रिमवर वॉल्व्ह असतो तिथे थोडं वजन जास्त, म्हणून जाणता टायरवाला पिवळा ठिपका वॉल्व्हच्या अगदी जवळ आणून टायर चढवतो. त्यामुळे वजनं कमी लागतात. लाल ठिपकाही दिसतो कधी कधी, तो टायरच्या उंचवट्याच्या जागेचा. रिमवर त्याच्या जोडीची खूण असेल तर तिला लाल ठिपका जुळवतात. तुमच्या टायरवरचे ठिपके अजून पुसले गेले नसतील. पुढच्या डाव्या चाकाचा पिवळा ठिपका वॉल्व्हपासून किती लांब आहे ते बघून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बाबांचं दुसरं वाक्य, "रिमला जुनी वजनं आहेतच की." तुमच्या पत्रात मी इथे सगळ्यात जास्त थांबले. ती वजनं जुन्या टायरसाठी, त्याच्या जड जागेच्या समोर लावलेली होती. टायर गेला, पण वजनं त्याच जागी राहिली. नवीन टायरची जड जागा कुठे आली ते त्यांना काय ठाऊक? समजा जुन्या टायरसाठी तिथे ३५ ग्रॅमची क्लिप, म्हणजे रिमच्या कडेला ठोकलेलं वजन, होती. नवीन चाकाची जड बाजू नेमकी त्याच अंगाला आली, आणि त्याची स्वतःची गरज ३५ ग्रॅमची. मशीन समोरच्या बाजूला किती मागेल? ३५ चाकाचे आणि ३५ त्या जुन्या क्लिपला काटशह म्हणून, मिळून ७०. तुमचा आकडा ७०च आहे. हे असंच झालंय असं मी पत्रावरून ठामपणे म्हणू शकत नाही, पण जुन्या क्लिपा न काढता चाक फिरवलं असेल तर त्या आकड्यावरून ना टायर खराब ठरतो, ना दुकानदार लबाड.

तेव्हा त्या दुकानात काय घडलं ते आठवा. मशीनवर चढवण्याआधी त्यानं जुन्या क्लिपा पक्कडीनं उपटून काढल्या का? रिमच्या आतली बाजू खरवडली का? ही आतली बाजू कोणी बघत नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. तसा पूर नसला तरी आपल्याकडच्या पावसाळ्यातला काळा चिखल रिमच्या आत बसतो आणि वाळून दगड होतो. लोखंडी रिमच्या खोबणीत असा मूठभर गाळ सहज राहतो आणि मशीन त्यालाही चाकाचाच भाग धरतं. आज त्याच्यासह बॅलन्स केलं आणि आठवड्यानं तो सुटून पडला की थरथर पुन्हा हजर. टायरच्या नक्षीत अडकलेले खडेही आधी काढायला हवेत.

आणखी एक विचारायला हवं होतं : ७० ग्रॅम एकाच कडेला की आतली आणि बाहेरची मिळून? मशीनवर दोन आकडे येतात, आतल्या कडेचा वेगळा, बाहेरच्या कडेचा वेगळा. आत ४० आणि बाहेर ३० असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एकाच कडेला ७० असेल तर मात्र बाबांची शंका रास्त आहे. अशा वेळी वजन ठोकण्याआधी कारण शोधायचं असतं.

ते कसं, ते सविस्तर सांगते, कारण असा प्रश्न फक्त तुमचा नाही. जुनी वजनं काढायची, रिम आतून-बाहेरून साफ करायचा आणि चाक पुन्हा फिरवायचं. आकडा खाली आला तर मामला तिथेच मिटला. एका कडेला ५०-६०च्या वर राहिलाच तर मशीन दाखवेल त्या जड जागी टायरवर आणि रिमवर अशा दोन्हीकडे खडूनं खूण करायची. मग हवा सोडून टायर रिमवरच अर्धा फेरा फिरवायला सांगायचं, म्हणजे वॉल्व्हपाशी होता तो भाग विरुद्ध टोकाला जाईल. हवा भरून पुन्हा फिरवायचं. पुष्कळदा एवढ्यानंच आकडा निम्म्याखाली येतो, कारण रिमची जड बाजू आणि टायरची जड बाजू एकाच अंगाला आलेल्या असतात. नाहीच आला, तर जड जागा कोणत्या खुणेबरोबर गेली ते बघा. टायरवरच्या खुणेपाशी असेल तर दोष टायरचा. रिमवरच्या खुणेपाशीच राहिली तर रिम वाकडा आहे किंवा त्याला अजून काही चिकटलंय. चाक हळू फिरवत रिमच्या कडेजवळ एखादा स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला की वाकडेपणा डोळ्यांना दिसतो. तसाच तो टायरच्या नक्षीजवळ धरला की टायर गोल आहे की लंबगोल तेही कळतं. लंबगोल टायरला वजनं लावून मशीनवर शून्य आणता येतो, पण रस्त्यावर गाडी उडतच राहते. असा टायर निघाला तर बिल घेऊन विक्रेत्याकडे जा आणि कंपनीकडून तपासणी मागा. टायर परत करायचा विचार या टप्प्याला करायचा, आधी नाही.

बाबांच्या ४० वर्षांबद्दल. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या वेगातला आहे. घरातला छताचा पंखा एकवर शांत फिरतो आणि तोच पंखा पाचवर डुलायला लागतो. पातं तेच, फरक तोच. चाकाचंही तसंच, वेग दुप्पट झाला की जादा वजनाची ओढ चौपट होते. १४ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी ५० किलोमीटरला ती ओढ साधारण एक किलोच्या वजनाएवढी असते, १००ला चार किलोच्या वर जाते. १००च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला १४ वेळा चार किलोचा हिसका. फियाट घेऊन राजमहाल रोडवरून न्यायमंदिरापर्यंत जाणाऱ्याला, किंवा जुन्या हायवेनं ५०-६०नं अहमदाबादला जाणाऱ्याला हा हिसका जाणवायचं कारणच नव्हतं. तुम्हालाही शहरात तो जाणवत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. बाबांना हे असं सांगून बघा. त्यांचा अनुभव चुकीचा ठरवल्यासारखं होणार नाही, कारण तो त्या वेगाला खराच होता.

मग थरथर सोसून गाडी चालवली तर काय होतं? ग्रॅमच्या फरकानं गाडी अचानक हातातून सुटत नाही, एवढं तुमच्या पत्नींना सांगा. पण ते हिसके बेअरिंगवर, बॉल जॉइंटवर आणि स्टीअरिंगच्या सांध्यांवर बसत राहतात, आणि टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजतो. असे खळगे एकदा पडले की नंतर केलेल्या बॅलन्सिंगनं ते भरून येत नाहीत. नवीन टायरच्या पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच हे नुकसान करून घेऊ नका. काम होईपर्यंत आणंदला जावंच लागलं तर थरथर सुरू होते त्याच्या बऱ्याच खाली, डाव्या लेनमधून जा. पण पत्नींचं म्हणणं ऐकलेलंच बरं, आठवडाभर ट्रेननं गेलात तरी चालेल. बडोदा-आणंद गाड्यांना तोटा नाही.

अलाइनमेंट केलंय म्हणून बॅलन्सिंग झालं असंही नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकं रस्त्याशी आणि एकमेकांशी कोणत्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनं झिजतो, आणि ते कोणत्याही वेगाला जाणवतं. ठरावीक वेगाच्या पुढेच येणारी थरथर सहसा बॅलन्सिंगची. ती स्टीअरिंगला येत असेल तर पुढची चाकं बघायची, सीटला किंवा पायाखाली येत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क तपासायची. तुमच्या वर्णनावरून मी पुढच्या चाकांवर बोट ठेवेन, पण बॅलन्सिंग चारही चाकांचं करा. पुढेमागे चाकांची अदलाबदल होणारच आहे, आणि आज मागे असलेला दोष तेव्हा पुढे येईल.

दुकानात गेल्यावर मशीनसमोर उभे राहा. कारागीर चाक मशीनच्या शंकूवर घट्ट बसवतो आणि मशीनला तीन मापं देतो : मशीनपासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. व्यासाच्या जागी चुकून आधीच्या गाडीचा आकडा राहिला तर ग्रॅम चुकीचे येतात, म्हणून तो तुमच्या टायरवर वाचून ताडून घ्या. लोखंडी रिमला कडेला ठोकायची क्लिप लागते. अलॉय असेल तर आतून चिकटवायची पट्टी, आणि ती चिकटवण्याआधी जागा पुसून कोरडी करायला हवी, नाहीतर पहिल्याच पावसात ती गळून जाते. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही आकडे शून्य दाखवायला सांगा. ही दुसरी फेरी घाईत टाळली जाते. मनात शंका उरलीच तर चाक सैल करून त्या शंकूवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. पाच-दहा ग्रॅमच्या आत आकडा राहिला तर काम नीट झालं. एकदम २०-३० उगवले तर चाक मशीनवर मध्यावर बसलेलंच नव्हतं. पाचच्या खालचा फरक मशीन साधारणपणे शून्यच दाखवतं, त्याची चिंता नको. आणि पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये ओततात ते लिक्विड आधी टाकू नका. ते आत वाहत राहतं आणि आकडा दर फेरीला बदलतो.

ग्रॅमवर पैसे घेणं ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण संशयाला जागा राहते. दर आधी विचारा, आणि काढलेली जुनी वजनं व लावलेली नवीन वजनं दोन्ही बघा. वजनावर ग्रॅम छापलेले असतात.

उरला तुमचा खरा पेच, बाबांचा. तुम्ही एकटे दुसऱ्या दुकानात गेलात आणि तिथून फोनवर परवानगी मागितलीत. स्क्रीन त्यांना दिसत नव्हता, कानावर पडला तो एक मोठा आकडा आणि "पैसे ग्रॅमवर" हे शब्द. त्यांच्या जागी कोणीही नकोच म्हटलं असतं. या वेळी त्यांना बरोबर न्या, आणि शक्य असेल तर त्यांच्या ओळखीच्या दुकानातच न्या. तिथे बॅलन्सिंगचं मशीन असेल, तर मालकाला एवढंच म्हणा, "काका, ८५च्या पुढे स्टीअरिंग थरथरतंय, जुन्या क्लिपा काढून एकदा फिरवून बघा ना." आधी केलं नाहीत म्हणून जाब विचारायची गरज नाही. त्यांनीही ओळखीच्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायलाच होकार दिला असेल. बाबांना मशीनजवळ खुर्ची द्या आणि क्लिपा काढण्याआधीचा आकडा त्यांनाच वाचू द्या, काढल्यानंतरचाही. एवढी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे बघायला आवडेल असं मला वाटतं, आणि टायर फिरवून बसवायचा की वजन लावायचं हा निर्णय तिथे तेच घेतील.

बॅलन्सिंग झालं की एक्सप्रेसवेवर एक फेरी मारा, आणि घरी आल्यावर नट पुन्हा एकदा बघा. एवढं करूनही थरथर राहिली तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे बसवून बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डाव्या बाजूची चाकं डावीकडेच ठेवायची. थरथर स्टीअरिंगवरून सीटकडे सरकली तर दोष चाकातच आहे. स्टीअरिंगलाच राहिली तर चाकांना सोडा आणि मेकॅनिककडून हब, बेअरिंग आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. स्टेपनी जुन्याच टायरची असेल तर तीही त्याच दिवशी मशीनवर चढवा. पंक्चर झालं की त्याच एक्सप्रेसवेवर ती लावून घरी यायचंय.